बॉयलरआजोबा आणि ओली गादी

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात दोन बॉयलर आहेत, असं कामगार म्हणायचे. एक लोखंडाचा, तळघरातला. दुसरा त्याच्यासमोर स्टुलावर बसलेला, मिशीवाला. पहिल्याला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह तरी होता.

मिशीवाल्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. एरवी सगळे ‘बॉयलर’च म्हणत. कोळसा ओला आला की ते भडकायचे, वाफेचा काटा इकडचा तिकडे झाला की भडकायचे, आणि सगळं सुरळीत चाललं असेल तर कुणी तरी ‘आज कसं शांत शांत वाटतंय’ म्हणायचं आणि त्यावर भडकायचे. वाफेच्या शिट्टीखाली आयुष्य काढल्यामुळे उजवा कान पार गेला होता आणि डावा अर्धाच उरला होता. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो हळू कशाला बोलेल? त्यांनी घरात ‘पाणी दे’ म्हटलं तर खालच्या मजल्यावरचा माणूस पेला घेऊन उठेल, असा आवाज.

पण या माणसाने कुणावर हात उगारल्याचं कुणाला आठवत नाही. राग सगळा तोंडात. बायको होती तेव्हा ती म्हणायची, ‘भांडं मोठं आहे, दूध तेवढंच.’ ती गेली. नोकरी संपली. घरात उरले ते, मुलगा, सून आणि नात. मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. सून पावाच्या बेकरीत, भट्टीवर. तिला उजाडायच्या आत कामावर हजर व्हावं लागे. म्हणून नात आजोबांच्या खोलीत झोपायची, त्यांच्या पलंगाशेजारी, जमिनीवरच्या छोट्या गादीवर. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, तेव्हा सगळे तिला भिंगरी म्हणत.

भिंगरी तीन वर्षांची होऊन थोडे दिवस झाले होते आणि दिवसाची शू तिला छान जमायला लागली होती. हे काम सुनेने केलं, न ओरडता, न कंटाळता. सुट्टीच्या दिवसांत घरभर चड्ड्या वाळत घातल्या, खेळताना मधूनमधून विचारत राहिली, सांडलं की पुसलं. भिंगरी आता स्वतःच ‘शू!’ म्हणून धावायची आणि परत येताना राजासारखी चालायची. आजोबांना तर तिचा एवढा अभिमान, की वाण्याच्या दुकानात विचारलं नसतानाही सांगायचे.

आणि मग त्यांनीच ठरवलं, आता रात्रीचा लंगोटही बंद.

‘बाबा, रात्रीचं वेगळं असतं,’ सून म्हणाली. ‘थोडं थांबू या.’

‘वेगळं काय असतं? पोरगी तीच, शू तीच! दिवसपाळी जमते त्याला रात्रपाळी का जमू नये?’

सून थकलेली होती. ती म्हणाली, ‘बघा बाई तुम्हीच.’ आणि लंगोट बंद झाले.

पहिल्या सकाळी गादी ओली. दुसऱ्या सकाळी ओली. तिसऱ्या सकाळी कोरडी निघाली, तेव्हा आजोबांनी एवढा जल्लोष केला की चौथ्या दिवशी ओल्या गादीवर उठताना भिंगरीने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मगच खाली. तेवढं मात्र आजोबांनी पाहिलं नाही. ते गादीवर ओरडत होते.

होय, गादीवरच. भिंगरीला आपण एक शब्दही कधी बोललो नाही, असं ते नंतर कितीदा तरी शपथेवर सांगत, आणि ते खरंही होतं. ते ओरडायचे कापसाला, जो सुकत नव्हता. चादरीला, जी पातळ होती. ‘ही गादी आहे का डबकं? कुणी बनवली ही? त्याला आणा माझ्यासमोर!’ गॅलरीच्या कठड्यावर गादी आपटायचे तेव्हा समोरच्या इमारतीतली कबुतरं उडायची. तीन वर्षांच्या पोरीला गादीवरचा राग आणि गादीवर झोपणारीवरचा राग यातला फरक कोण समजावून सांगणार?

सुनेने शेवटी दोघांनाही डॉक्टरकडे नेलं. लहान मुलांची डॉक्टर, चेहऱ्यावरून स्वतःच शाळेतून सुटल्यासारखी. तिने भिंगरीचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, शी रोज होते ना विचारलं आणि म्हणाली, ‘सगळं उत्तम आहे. दिवसाचं शिकवता येतं, रात्रीचं शिकवता येत नाही. झोपेत शरीराला कळायला लागलं की आपोआप थांबतं. कुणाचं तिसऱ्या वर्षी, कुणाचं पाचव्या, कुणाचं त्याच्याही नंतर. तोवर हवं तर लंगोट घाला, नको असेल तर गादीवर प्लास्टिक टाका. झोपताना एकदा शू करू द्या. दिवसा पाणी भरपूर प्यायला द्या, तोडू नका. आणि रागावू नका.’

‘औषध?’ आजोबा म्हणाले.

‘औषध नाही.’

‘म्हणजे काहीच करायचं नाही?’

‘काहीच न करणं अवघड असतं, आजोबा,’ डॉक्टर हसून म्हणाली.

आजोबा घरी येईपर्यंत धुसफुसत होते. एवढं शिकून ‘वाट बघा’ म्हणायचं? वाट तर म्हैससुद्धा बघते! पण लंगोट घालायला भिंगरीच आता तयार नव्हती. ‘मी मोठी,’ म्हणायची. म्हणून आजोबांनी प्लास्टिक आणलं. खाली प्लास्टिक, वर चादर, त्यावर पुन्हा प्लास्टिक, पुन्हा चादर. ओली झाली की वरचा थर ओढून काढायचा, खाली कोरडं तयार. ही युक्ती त्यांना स्वतःला फार आवडली. दोन-चार आठवडे तशी बरी गेली. ओरडणं निम्म्यावर आलं.

तेवढ्यात ताई आली.

ताई ही आजोबांची थोरली बहीण. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, मुलगा-सून दिवसभर बाहेर; म्हणून काही आठवडे भावाकडे राहायचं ठरलं. आजोबांची आई ते रांगत असतानाच गेली होती. ताईनेच त्यांना वाढवलं, भरवलं, मारलं, शाळेत घातलं. सगळ्या जगावर तोफ डागणारा हा माणूस बहिणीसमोर मात्र कोकरू. तिने ‘धाकट्या’ अशी हाक मारली की ते हातातलं काम टाकून उठायचे. तिच्याशी वर मान करून बोलल्याचं त्यांना उभ्या जन्मात आठवत नव्हतं. दिवसातून चार वेळा ते स्वतः तिच्या डोळ्यात थेंब घालायचे, आणि मिश्यांवर घाम येईपर्यंत हात स्थिर धरायचे.

पहिल्याच सकाळी ताईने गॅलरीत चादर पाहिली.

‘हे काय? एवढी घोडी झाली आणि अजून अंथरूण भिजवते?’

‘डॉक्टर म्हणाली, होतं असं,’ आजोबा म्हणाले.

‘डॉक्टरला काय जातंय म्हणायला? गादी तिची आहे का?’

त्या दिवसापासून ताईने भिंगरीचा ताबा घेतला. समोरच्या बाईला गॅलरीतून ओरडून सांगितलं, ‘आमच्याकडे रोज पूर येतो हो!’ भिंगरी तिथेच उभी होती. शेजारची मुलं खेळायला आली की ‘हिच्याजवळ बसू नका, वाहून जाल,’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. दुपार टळली की भिंगरीचा पाण्याचा पेला उचलून फडताळात वर ठेवायची. भिंगरी उन्हात खेळून यायची, ‘पाणी’ म्हणायची, आणि ताई म्हणायची, ‘आता पाणी नाही. पाणी आत गेलं की बाहेर येतं.’

आजोबांना हे सगळं दिसत होतं. डॉक्टर काय म्हणाली होती, तेही आठवत होतं. तळपायाची आग मस्तकात जात होती. पण तोंडापर्यंत आली की तिथेच विझायची. समोर ताई होती ना! ते गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन पेला भरायचे, भिंगरीला मोरीच्या दाराआड नेऊन पाजायचे. स्वतःच्या घरात, चोरासारखे. आणि मग तो सगळा राग बाहेर पडायचा तो भलतीकडे. दूधवाल्यावर. बसच्या कंडक्टरवर. दाराची घंटा चुकून दाबणाऱ्या पोस्टमनवर. वड्याचं तेल वांग्यावर, असं रोज चालू होतं. एकदा तर मुलगा ट्रकवरून थकून आला आणि बूट दारात काढले म्हणून त्याच्यावर असे घसरले, की तो जेवण सोडून पुन्हा खाली जाऊन बसला.

‘आत्यांना तुम्ही का सांगत नाही?’ सून एका संध्याकाळी त्यांच्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाली. ‘मी बोलले तर सून बोलली असं होईल. तुम्ही भाऊ आहात.’

‘सांगतो,’ ते म्हणाले. ‘योग्य वेळी सांगतो.’

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी सांगितलं नाही. भिंगरी आता रोजच ओली उठायला लागली. मधूनमधून ज्या कोरड्या सकाळी मिळायच्या, त्याही बंद झाल्या. आणि एक नवीनच गोष्ट. सकाळी ती गादीवर सापडायची नाही. कपाटाच्या फटीत, उघड्या फरशीवर अंगाचं मुटकुळं करून झोपलेली असायची, ओली चड्डी कुठे तरी कोंबून. एकदा ती चड्डी आजोबांच्या बुटात निघाली. आजोबांना हसू आलं नाही. ते तो बूट हातात घेऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले.

मग ती सकाळ आली. सून बेकरीत गेली होती, मुलगा कुठल्याशा दूरच्या गावी माल उतरवत होता. आजोबांनी ताईच्या डोळ्यात थेंब घातले, पिशवी घेतली आणि दूध आणायला खाली उतरले. दुकानात गर्दी नव्हती. ते लगेच वर आले. दार लोटलेलंच होतं.

स्वयंपाकघरात गॅस पेटलेला होता आणि त्यावर भांडं नव्हतं. ताई शेगडीपाशी उभी होती. ऑपरेशनच्या डोळ्यावर जाळीचं झाकण, हातात फडक्याने धरलेला मोठा स्टीलचा चमचा, आणि चमच्याचं टोक ज्योतीत. फ्रिजला पाठ लावून भिंगरी उभी होती. ओली विजार घोट्यापर्यंत उतरलेली. ती रडत नव्हती. डोळे त्या चमच्यावर लावून नुसती उभी होती.

‘ताई!’

‘लावत नाहीये रे,’ ताई मागे न बघता म्हणाली. ‘नुसता दाखवतेय. एकदा दाखवला की पुरतो. भीती बसली की शू थांबते.’

आजोबांनी पुढे होऊन गॅस बंद केला. चमचा तिच्या हातातून घेतला. फडकं बाजूला सरकलं होतं, तो तळहाताला लागला, त्यांना ते कळलंही नाही.

‘लहान आहे गं ती,’ ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे अजून आवाज खालीच होता.

‘तूही लहानच होतास. तुला कसं कोरडं केलं मी? हिच्यापेक्षा वर्षभराने मोठा असशील. काही बिघडलं का तुझं? पुढे बॉयलर सांभाळलास की नाही?’ ताई अभिमानाने बोलत होती. आपण वाढवलेलं झाड दाखवावं तशी. ‘तुझ्या मांडीवरचा डाग कशाचा आहे वाटतं तुला?’

आजोबांच्या डाव्या मांडीवर बोटभर लांब, चकचकीत डाग होता. लहानपणी शेगडीवर पडलास, असं त्यांना घरात सांगण्यात आलं होतं. त्यांनी ते मानलं होतं. बायकोलाही तसंच सांगितलं होतं. कारखान्यात पोरांना दाखवून म्हणायचे, ‘आगीची आणि माझी ओळख जुनी आहे.’

पुढे काय झालं ते सगळ्या इमारतीने ऐकलं. साठ-पासष्ट वर्षं बहिणीसमोर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. ‘माझ्या घरात? माझ्या नातीला? तू माणूस आहेस का कोण आहेस? शेगडीवर पडलो म्हणालीस! जन्मभर मला खोटं सांगितलंस!’ काय काय बोलले ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही. हातातला चमचा त्यांनी मोरीत भिरकावला, तो भांड्यांवर आदळला. मांडणीवरचे पेले थरथरले. ताई भिंतीला टेकली. तिचा उघडा डोळा एवढा मोठा झाला होता, की आजोबांना क्षणभर वाटलं, बरं झालं. घाबर. घाबर तूही.

आणि तेवढ्यात त्यांच्या पायाला काही तरी कोमट लागलं.

भिंगरी अजून फ्रिजपाशीच होती. दोन्ही हात कानांवर. तिच्या पायांतून धार फरशीवर येत होती, भर सकाळी, जागेपणी. जी पोर गेले कित्येक आठवडे दिवसा एक थेंब सांडत नव्हती, ती पोर. ताईकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आजोबांकडे बघत होती.

त्यांचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला.

पुढची कामं त्यांनी तोंड न उघडता केली. भिंगरीला उचललं, धुतलं, कोरडं घातलं. फरशी पुसली. भाच्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, ‘आईला घेऊन जा. आत्ता.’ ताईची पिशवी भरली. कपडे कोंबले, चष्मा कोंबला. थेंबांची बाटली कोंबताना मात्र थांबले, झाकण घट्ट केलं, ती रुमालात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवली. आपण असं का करतोय, या विचाराने त्यांना आणखी राग आला. ताई खुर्चीवर बसून होती. जाताना दारात म्हणाली, ‘धाकट्या, मी तुला वाढवला.’ आजोबा म्हणाले, ‘माहीत आहे,’ आणि दार लावलं.

दुपारी सून घरी आली. अंगाला पिठाचा वास, पापण्यांवरसुद्धा पीठ. जिन्यातच तिला चार जणांनी चार तऱ्हेने सगळं सांगितलं होतं. भिंगरी तिच्या कडेवर चढली ती उतरेना. आजोबा वाट बघत होते. सून ‘बरं केलंत’ म्हणेल असं त्यांना वाटत होतं, आणि ती म्हणालीही.

‘बरं केलंत, बाबा. हे आधीच व्हायला हवं होतं.’ मग जराशाने, भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवत, ‘पण ती चमच्याला घाबरून ओली नाही झाली.’

‘म्हणजे?’

‘तुम्हाला घाबरून झाली.’

‘मी तिच्यासाठी ओरडलो!’

‘हे आत्ता पुन्हा ओरडलात ना, तसंच,’ सून म्हणाली. भिंगरीने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं होतं.

आजोबा उठले आणि चपला घालून बाहेर पडले. राग राग राग! म्हणजे तापल्या चमच्यावाली आणि आपण एकाच पंगतीला? ज्याने वाचवलं तोच गुन्हेगार? हे म्हणजे उलट्या बोंबा! बाजार ओलांडला, बसचा डेपो ओलांडला, कालव्याच्या पुलापर्यंत आले. वाटेत एका सायकलवाल्याला शिव्या घातल्या, त्याची काही चूक नव्हती. पुलाच्या कठड्याला टेकले तेव्हा तळहात झोंबायला लागला. भाजलं होतं, टपोरा फोड आला होता. त्या फोडाकडे बघता बघता त्यांचा हात आपसूक मांडीवर गेला.

एवढासा होतो आपण. कुणी धरलं असेल? एकटी ताई होती का? आपण ओरडलो असू. की भिंगरीसारखे नुसते बघत उभे राहिलो? काहीच आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचाच संताप येत होता. आपल्या अंगावरची गोष्ट, आणि आपल्यालाच ठाऊक नाही! आपण जन्मभर कशावर एवढे ओरडत आलो, हेही एकदा विचारावंसं वाटलं. पण विचारायचं कुणाला? ते अंधार पडायच्या आत घरी आले आणि सरळ झोपले.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक सरकून गादीच ओली झाली होती. आजोबांनी ती गॅलरीत नेली आणि न आपटता कठड्यावर टाकली. भिंगरी दाराआडून बघत होती. ते खाली बसले, तिच्या उंचीला आले. आवाज खाली आणणं म्हणजे भरल्या ट्रकला उलटं चढावर नेण्यासारखं होतं, त्यांनी नेला.

‘भिंगरे, रात्री तुला शू येते तेव्हा कळतं का गं?’

भिंगरीने खांदे उडवले. मग म्हणाली, ‘कधी कधी.’

‘मग काय करतेस?’

‘हाक मारते.’

‘कुणाला?’

‘तुला. आजोबा, आजोबा. हळू हाक मारते.’ तिने ती मारून दाखवली. ओठ हलले, आजोबांना काही ऐकू आलं नाही. ‘तू येत नाहीस. मग अंधार असतो.’

आजोबा डाव्या कुशीवर झोपत. चांगला कान उशीत आणि मेलेला कान वर. पोरगी हाका मारत होती आणि हे घोरत होते. आणि सकाळी उठून तीच गादी आपटत होते. स्वतःवर राग आला की तो कुठे भिरकावायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खाली भंगारवाला ओरडत चालला होता, त्याच्यावरसुद्धा ओरडावंसं वाटलं नाही.

‘हाक नाही मारायची,’ ते शेवटी म्हणाले. ‘हाक मला कळत नाही. मिशी ओढायची.’

भिंगरीने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

‘ओढ. आत्ता ओढून बघ.’

तिने दोन बोटांनी हलकेच ओढली.

‘एवढ्याने बॉयलर उठतो होय? जोरात!’

तिने दोन्ही हातांनी ओढली. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंगरी कितीतरी दिवसांनी खदखदून हसली. त्याच दिवशी त्यांनी पलंगाचे पाय काढून गाद्या जमिनीवर एकीला एक लावल्या, पायाशी लाल प्लास्टिकची छोटी शूची खुर्ची ठेवली आणि कोपऱ्यात मिणमिणता दिवा लावला. ‘मिशी नको वाटली तर सरळ खुर्चीवर,’ म्हणाले. ‘कुणाला विचारायचं नाही.’

कानाचं यंत्र घरात कधीपासून पडून होतं. सुनेने हट्टाने आणलेलं; ‘मी काय म्हातारा झालोय?’ म्हणून त्यांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. आता ते स्वतःच तिच्यासमोर जाऊन बसले आणि कान पुढे केला. यंत्र बसलं. सुनेने कळ फिरवली. पंखा करकरला, बाहेरची कबुतरं घुमली.

‘आता काही तरी बोला,’ ती म्हणाली.

‘काय बोलू?’ ते म्हणाले, आणि दचकून मागे सरले. ‘हे कोण ओरडलं?’

सुनेने तोंडाला पदर लावला. मुलगा दारात उभा होता, त्याने पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलत होते. आजोबा चिडले, मग पुन्हा स्वतःचं चिडणं कानावर पडलं आणि गप्प झाले. एवढ्या मोठ्याने? इतकी वर्षं? आणि कुणी सांगितलं नाही? सांगितलं होतं. सगळ्यांनीच सांगितलं होतं.

यामुळे भिंगरी लगेच कोरडी झाली, असं मात्र काही नाही. काही रात्री ती मिशी ओढायची, काही रात्री खुर्चीवर बसायची, आणि पुष्कळ रात्री गाढ झोपेत अंथरूण भिजायचंच. मग वरचा थर निघायचा. सकाळी आजोबा चादर धुवायला टाकायचे आणि दात-ओठ खाऊन गप्प राहायचे. राग यायचाच, का येऊ नये? मोरीत जाऊन नळ मोठा सोडायचे आणि नळाखाली पुटपुटायचे. पण कपाटाच्या फटीतलं झोपणं हळूहळू थांबलं. बुटात पुन्हा काही सापडलं नाही. दिवसाचं जे बिघडलं होतं, ते आठवड्याभरात जागेवर आलं.

ताईचा फोन यायचा. आजोबा घ्यायचे नाहीत. सून घ्यायची, डोळा कसा आहे विचारायची आणि मोठ्याने म्हणायची, ‘हो, डोळा बरा आहे म्हणताय? बरं बरं.’ आजोबा वर्तमानपत्र उलटायचे. थंडी सरत आली तेव्हा ते एकदाचे उठले आणि तिच्या घरी गेले. तीन जिने चढून, धापा टाकत, भांडायच्या तयारीने. यंत्र कानात होतं.

‘खोटं का सांगितलंस?’ बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. ‘शेगडीवर पडलो म्हणून का सांगितलंस?’

ताई खिडकीपाशी बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘मी अकरा वर्षांची होते रे.’

आजोबांनी हा हिशेब कधी केलाच नव्हता. ताई म्हणजे मोठी. ताई म्हणजे कायमच मोठी.

‘अंथरूण ओलं दिसलं की बाप दोघांना मारायचा,’ ती म्हणाली. ‘तुला का भिजवलंस म्हणून, मला का भिजवू दिलंस म्हणून. शेजारच्या बाईने सांगितलं, चमचा दाखव. मी दाखवला. तू हललास. लागला. मग मी बापाला सांगितलं, शेगडीवर पडला. नाही तर त्याने मला जिवंत ठेवली नसती. पुढे मीही तेच धरून बसले.’

‘आणि तरी तू भिंगरीला…’

‘तू कोरडा झाला होतास ना,’ ताई म्हणाली, जणू याहून मोठं कारण असूच शकत नाही. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

आजोबांनी तिला जवळ वगैरे घेतलं नाही. त्यांच्यात तसलं काही नव्हतं. राग अजून तसाच धगधगत होता, फक्त आता समोर धरायला कुणी उरलं नव्हतं. बापावर ओरडावं, तर तो जाऊन पन्नास वर्षं झाली. मेलेला माणूस ऐकत नाही आणि आपलाच घसा बसतो. शेजारची ती बाई कोण, कुठली. अकरा वर्षांच्या पोरीवर ओरडायचं? ते उठून खिडकीशी गेले, परत येऊन बसले.

‘घरी यायचं असेल तर ये,’ ते म्हणाले. ‘पण भिंगरीच्या अंथरुणाबद्दल एक अक्षर नाही. आणि तिला पाणी हवं तेव्हा पाणी. आणि एक गोष्ट. तू तिची माफी मागायची.’

‘एवढ्याशा पोरीची?’

‘एवढ्याशाच पोरीची.’

ताईला हे फार जड गेलं. दोन महिने ती आली नाही. आली तेव्हा भिंगरीसमोर उभी राहून काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटली. भिंगरी आजोबांच्या मागे लपली आणि दिवसभर तिच्याजवळ गेली नाही. ताईला वाईट वाटलं. आजोबांनी वाटू दिलं. त्यांनी पोरीला पुढे ढकललं नाही, ‘जा गं, आत्याआजीला पापी दे’ म्हटलं नाही. जायचं तेव्हा ती जाईल, नाही तर नाही जाणार.

कोरड्या रात्री कधी वाढत गेल्या, ते कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. दोन लागोपाठ, मग एक ओली, मग पाच, मग सर्दीतापात पुन्हा सगळं भिजलेलं आणि कुणी काही न बोललेलं. भिंगरी चार वर्षांची होऊन गेली होती. एका दुपारी सून बेकरीतून आली, पाय पसरून बसली आणि एकदम म्हणाली, ‘बाबा, बऱ्याच दिवसांत गादी उन्हात टाकली नाही ना आपण?’

आजोबांनी आठवून पाहिलं. खरंच टाकली नव्हती. भिंगरी पलीकडच्या खोलीत खुर्च्या उलट्या करून आगगाडी चालवत होती.

‘हळू बोल,’ आजोबा म्हणाले. ‘उगाच गाजावाजा केला की तिच्या डोक्यात भरेल. झालं ते झालं. चहा टाक.’